अठरावं काडतूस

पावडर कशी निवडायची हे मला कोणी शिकवायला येऊ नये. तेवीस वर्षं मी माझी काडतुसं घरी भरते आहे. आमच्या नेमबाजीच्या क्लबातले निम्मे बाप्ये अजूनही मला फोन करतात, "ट्वायला, या थंडीला कुठली घेऊ गं?" हो, थंडीचंच विचारतात मेले, आणि विचारताना हसतात. का हसतात ते आता सांगतेच, कारण मी नाही सांगितलं तर लोवेल पिट्स सांगेल, आणि तो तिखटमीठ लावून सांगतो.

मी ट्वायला ह्रुस्का, वय अठ्ठावन्न. नेब्रास्कात शाळेची बस चालवते. माझा नवरा एमिल गावच्या धान्याच्या कोठारावर बत्तीस वर्षं वजनकाट्याशी बसला. मक्याचे ट्रक यायचे, हा आकडा वाचायचा, लिहायचा, पुन्हा वाचायचा. निवृत्त झाला तेव्हा त्याला वजन करायला काही उरलं नाही, म्हणून तो माझ्या तळघरात, काडतुसं भरायच्या बाकाशी येऊन बसला.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी बसच्या पायरीवरून बर्फावर पडले आणि उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी घातली, सात स्क्रू घातले. तरी मी सहा महिन्यांत पुन्हा पिस्तूल धरलं. पण यंदाच्या उन्हाळ्यात डॉक्टरीणबाई एक्स-रे बघून म्हणाल्या, सांधा झिजलाय, डिसेंबरात कायमचा जोडून टाकू.

"मग पिस्तूल?" मी विचारलं.

"मग विणकाम करा की."

"मला विणकाम येत नाही," मी म्हटलं आणि गाडीत येऊन रडले. एमिलने इंजिन चालू केलं नाही. माझं रडून होईपर्यंत बसून राहिला.

म्हणजे उरला हा एक ऑक्टोबर. ऑक्टोबरात राज्याची स्पर्धा असते. बायकांत जी पहिली येते तिला नोव्हेंबरात फ्लोरिडाच्या राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळते. जागा एकच. मी दोनदा दुसरी आले आहे, आणि दुसरीला हातात एक कप देऊन घरी पाठवतात. मला फ्लोरिडाला जायचं होतं. मनगट जोडायच्या आधी एकदा, बस.

आता आमच्या खेळाचा एक नियम सांगते, तो नाही कळला तर पुढचं सगळं वाया. प्रत्येकाला वाटतं आपलं काडतूस मऊ असावं, हाताला झटका कमी बसावा, म्हणजे पिस्तूल पटकन परत निशाण्यावर येतं. पण फार मऊ भरलं तर तो खेळ कसला? म्हणून एक रेघ आखलेली आहे. गोळीचं वजन गुणिले वेग, भागिले हजार. उत्तर एकशे पंचवीस तरी यायला हवं. स्पर्धेच्या दिवशी पंच तुमच्या कमरेच्या पट्ट्यातून आठ काडतुसं उचलतो, एक फोडून गोळी तोलतो, बाकीची लागतील तशी वेग मोजायच्या यंत्रावरून उडवतो. उत्तर एकशे पंचवीसच्या खाली आलं, केसभर जरी खाली आलं, तरी दिवसभर खुशाल गोळ्या झाडा, गुण शून्य. म्हणून सगळे शहाणे त्या रेघेला जितकं खेटून उभं राहता येईल तितकं राहतात. माझं मनगट तसलं, मी तर अगदी अंग चोरून खेटले होते.

ऑगस्टमध्ये आम्ही पावडर निवडली. आम्ही म्हणजे मी. एमिलचा कायदा असा की बाकावर एका वेळी एकच डबा. दुसरा डबा कपाटात, कपाट बंद, मगच पुढचं बोलणं. पहिली पावडर जुनीपुराणी, मापाला एकदम गुणी, पण धूर इतका की तिसऱ्या गोळीला समोरचं काही दिसेना. दुसरी फुगीर, काडतुसाची पुंगळी भरून वर यायची. झटका गोड, पण लांबलचक ढकलल्यासारखा, आणि नेमका तोच माझ्या स्क्रूंना नको होता. तिसरी झटपट जळणारी. चिमूटभर पुरते, टक् करून काम संपवते. प्रत्येकीची दहा-दहा झाडली आणि वहीत वेगाच्या शेजारी मनगट किती दुखलं ते लिहिलं. तिसरीपुढे मी लिहिलं, "नाही." खाली दोन रेघा मारल्या.

"हीच," मी म्हटलं.

"वेग कधी मोजलास?" एमिलने चष्मा वर केला.

"आत्ताच. तुझ्या डोळ्यांदेखत. उत्तर एकशे अठ्ठावीस आलंय."

"आत्ता म्हणजे ऑगस्टच्या दुपारी. काडतुसांचा डबा गाडीच्या बॉनेटवर होता, ट्वायला. हात लावला तर चटका बसत होता. या जातीची पावडर उन्हात पळते आणि थंडीत झोपते असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"डब्यावर सोडून सगळीकडे लिहिलंय. बारा काडतुसं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवू, उद्या बर्फाच्या पेटीतून नेऊन परत मोजू."

"फ्रीजमध्ये? काडतुसं म्हणजे काय बटाट्याची कोशिंबीर आहे?"

"मग चिमूट जरा वाढव. दोन पावलं मागे उभी राहा रेघेपासून."

"मनगट कुणाचं आहे?"

"तुझं."

"झालं तर मग."

एमिलने चष्मा पुन्हा खाली घेतला. त्याच्या गप्प बसण्यात काही राग नसतो, म्हणून मला जास्त राग येतो. मी डबा उचलला आणि वर निघून गेले.

प्रायमरचं निराळं रामायण. प्रायमर म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसते ती इवलीशी टिकली. चाप ओढला की तिच्यावर ठोका पडतो, ती पेटते आणि पावडरला पेटवते. माझ्या बोटातही आता जोर नाही, म्हणून पिस्तुलाची स्प्रिंग हलकी करून घेतली आहे. हलक्या ठोक्याला पेटणारी मऊ टिकलीच मला चालते. आणि त्या वर्षी मऊ टिकल्या कुठे मिळतील तर शपथ! दुकानात गेलं की पोरगा खांदे उडवायचा. जुन्या साठ्यातून खरवडून खरवडून आणल्या.

माझं मनगट असं, म्हणून सप्टेंबरच्या शेवटी एमिल भरायला बसला. अडीचशे काडतुसं. आधी आठवडाभर तो नुसत्या गोळ्याच तोलत होता. शिशाच्या गोळ्या, वरून हिरवा लेप, आमच्याच भागातला एक जण ओततो. त्याच्या गोळ्या एकसारख्या कधी नसतात, एखादा ग्रेन इकडे तिकडे व्हायचाच. ग्रेन म्हणजे जवळजवळ गव्हाचा एक दाणा. हजार गोळ्यांतून याने ढीग पाडले आणि सगळ्यात मोठा ढीग उचलला.

"सगळ्या एकशे सेहेचाळीस पूर्णांक आठ," तो जेवताना म्हणाला.

"बरं."

"एकूण एक, ट्वायला. फार तर एका दशांशाचा फरक."

"अरे, ऐकलं! ट्रक तोलणारा माणूस तू, गोळ्या काय तोलतोस? मीठ दे इकडे."

शेवटच्या अठरांना मऊ टिकल्या कमी पडल्या. तेव्हा त्याने कपाटातल्या दुसऱ्या जातीच्या टिकल्या लावल्या. त्या तापट, जोरात पेटतात, वेगही चार पैसे जास्त देतात. पण कातडीने जाड. माझ्या हलक्या स्प्रिंगला दहातल्या तीन पेटतच नाहीत, नुसतं खट् होतं. आम्ही सगळेच काडतुसाच्या बुडाला शाईची रेघ मारतो, आपली पुंगळी आपल्याला ओळखू यावी म्हणून. आमची रेघ लाल. त्या अठरांना त्याने निळी मारली आणि मला येऊन सांगितलं. लपवायचा त्याचा स्वभाव नाही.

"स्पर्धेच्या डब्यात खट् करणारी काडतुसं ठेवलीस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी तोंड सोडलं. "भर निशाण्यावर खट् झालं तर तू येणारेस का स्प्रिंग दाबायला?"

"म्हणून तर सांगतोय. निवडून बाजूला काढ. अठरा आहेत."

मी डबा पालथा केला, निळ्या रेघा निवडल्या, कॉफीच्या डब्यात टाकल्या. मोजून टाकल्या.

"सतरा आहेत," मी म्हटलं.

"अठरा."

"मी मोजल्यात ना! सतरा."

"मी भरल्यात. अठरा आहेत."

"बत्तीस वर्षं काट्यावर बसलास आणि तुला अठरापर्यंत मोजता येत नाही! गावाचा मका कसा मोजलास देव जाणे."

हे मी त्याच्या बहिणीसमोर म्हटलं. ती खसखशीचे गोड पाव, कोलाचे, घेऊन आली होती, ती हसली. मग रविवारी चर्चबाहेर म्हटलं, क्लबात म्हटलं. एमिलला मोजता येत नाही, हा महिनाभर माझा विनोद होता. एमिल प्रत्येक वेळी हसला. मला तेव्हा कळायला हवं होतं.

स्पर्धेच्या सकाळी गवतावर दहिवर पांढरं पडलं होतं. आमच्या गाडीच्या काचेवरचं मी पत्त्याच्या पानाने खरवडलं. मैदानावर सगळे हातात कॉफी धरून नाचत होते, गरम व्हायला. आणि माझ्या तुकडीची पहिली पाळी कुठे, तर वेग मोजायच्या यंत्रावर! एमिलने माझ्याकडे पाहिलं. स्पर्धेच्या दिवशी त्याने तोंड उघडायचं नाही हा माझा कायदा आहे. तो दोरीपलीकडे जाऊन उभा राहिला.

यंत्राशी लोवेल पिट्स होता. सत्तरीचा, कानावर लोकरीची टोपी, सरळ माणूस. त्याने माझ्या पट्ट्यातून आठ काडतुसं न बघता उचलली, पिशवीत घातली. एक फोडून गोळी काट्यावर ठेवली.

"एकशे सेहेचाळीस पूर्णांक आठ," तो म्हणाला.

मग माझं पिस्तूल घेतलं आणि तीन झाडल्या. आठशे सेहेचाळीस. आठशे एकोणपन्नास. आठशे चव्वेचाळीस. मला गणित करायची गरज नव्हती. ऑगस्टमध्ये ह्याच मापाच्या काडतुसांनी आठशे सत्तर ओलांडलं होतं.

"एकशे चोवीस पूर्णांक दोन," लोवेल म्हणाला. "आणखी तीन झाडतो, ट्वायला. सहांतल्या सगळ्यात वेगवान तीन धरू. नियम तुला ठाऊक आहे."

आठशे पन्नास. आठशे सत्तेचाळीस. आठशे एक्कावन्न.

त्याने कागदावर आकडे मांडले, पुन्हा मांडले. मागे सगळी तुकडी त्याच्या कागदाकडे बघत होती. जेनीन ओल्टमन, जिच्या मागे मी गेल्या वर्षी दुसरी आले होते, तीसुद्धा कॉफी प्यायची थांबली.

"एकशे चोवीस पूर्णांक अठ्ठ्याहत्तर," तो म्हणाला. "एक उरलंय. आता तू सांगायचंस. फोडून गोळी तोलू? पहिलीपेक्षा जड निघाली तर तेच वजन धरून गणित करीन. की झाडू? जास्त वेग आला तर तो पहिल्या तिनांत धरीन. दोन्हींतलं एकच. आणि एकदा सांगितलंस की बदलायचं नाही."

नियम मला ठाऊक होता. वीस वर्षं मीच सगळ्यांना सांगत आले आहे, कधी झाडू नका, तोला! पावडरने सहा वेळा खरं सांगितलंय, सातव्यांदा खोटं सांगणार नाही. गोळीचं मात्र काही सांगता येत नाही. मला हवा होता पाव ग्रेनपेक्षा थोडा जास्त. गव्हाच्या दाण्याचा चतकोर! त्या ओतणाऱ्याच्या गोळ्यांत निम्म्या तरी तेवढ्या जड असतात.

"तोल, ट्वायला," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"तोलच," जेनीन म्हणाली. भली बाई आहे, मनापासून म्हणाली.

मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात लोवेलने पिशवीतून ते शेवटचं काडतूस काढून टेबलावरच्या फडक्यावर आडवं ठेवलं. त्याचं बूड माझ्याकडे होतं.

रेघ निळी होती.

मी दोनदा डोळे मिटून उघडले. निळीच. म्हणजे एक माझ्या नजरेतून सुटलं होतं. म्हणजे सतरा नव्हती, अठरा होती. एमिलने भरली तेवढी, सांगितली तेवढी. आणि मी महिनाभर गावभर त्याची टर उडवत हिंडले होते. तो माणूस माझ्यासमोर हसत उभा राहिला होता, कारण त्याला ठाऊक होतं की अठराच आहेत, आणि मला ते पटवून काय मिळणार होतं त्याला?

मी दोरीकडे पाहिलं. एमिल बुटांकडे बघत होता. हात खिशात, तोंड बंद, माझा कायदा पाळत. मला एकदम त्याची फार माया आली. आणि त्याच क्षणी डोकंही चालायला लागलं. ज्या माणसाचं अठरा खरं, त्याचं एकशे सेहेचाळीस पूर्णांक आठही खरं. एकूण एक, म्हणाला होता. फार तर एका दशांशाचा फरक. फडक्यावरच्या काडतुसात जड गोळी असूच शकत नाही. तोलली की मी संपले. एमिलने संपवलं असं नव्हे, मीच, त्याचं न ऐकून.

राहिलं झाडणं. निळी टिकली तापट, वेग चढवेल. पेटली तर! आणि माझी हलकी स्प्रिंग, दहातल्या तीन खट्, त्यात ही हाडं गोठवणारी थंडी. खट् झालं की तिथेच गाडीत बसायचं आणि विणकाम शिकायचं.

"ट्वायला?" लोवेलने विचारलं.

"झाडा," मी म्हटलं.

मागे सगळे च्-च् करून हळहळले. "अगं बाई, वेडी की काय!" असं जेनीन खरोखरच म्हणाली.

"नक्की?"

"माझ्या नवऱ्याने गोळ्या तोलल्यात, लोवेल. तोलून काही मिळायचं नाही. झाडा तुम्ही."

एमिलने मान वर केली. लोवेलने काडतूस पिस्तुलात घातलं, कानावरची टोपी सारखी केली, हात लांब केले.

आवाज झाला. नेहमीपेक्षा जरा करकरीत. यंत्रावर आकडा आला, आठशे एकसष्ट.

लोवेलने पेन्सिल चाटली. त्याने गणित सावकाश केलं, मेल्याने मुद्दाम सावकाश केलं अशी माझी अजून खात्री आहे. "एकशे पंचवीस पूर्णांक सदतीस," तो म्हणाला. "जा, खेळ जा."

मी खेळले. काय खेळले म्हणून सांगू! ऊन वर आलं तसं बोटं मोकळी झाली आणि ती मऊ, झोपाळू काडतुसं माझ्या हातात लोण्यासारखी चालली. सात फेऱ्या, एकही निशाण सुटलं नाही. पाचव्या फेरीत मनगट ओरडायला लागलं तेव्हा मी त्याला सांगितलं, डिसेंबरात ओरड. संध्याकाळी पाटीवर नावं लागली. जेनीन दुसरी. तिने मला मिठी मारली आणि कानात विचारलं, "तोललं का नाहीस गं?" मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला मोजता येतं का?" तिला काही कळलं नाही.

घरी आल्यावर मनगटावर गोठलेल्या मटारची पिशवी ठेवून मी तळघरात बसले. एमिलने फ्लोरिडासाठी वही उघडली होती. तिकडे नोव्हेंबरातही ऊन असतं, तरी तो म्हणाला, "चिमूट जरा वाढवू. आणि बारा काडतुसं..."

"ठेव फ्रीजमध्ये," मी म्हटलं. "कोशिंबीर काढ बाहेर."

मग मी कॉफीचा डबा ओढला आणि निळ्या रेघेची काडतुसं बाकावर एकेक करून मांडली. मोठ्याने मोजली, त्याला ऐकू जावं म्हणून. सतरा झाली. लोवेलने मला परत दिलेली रिकामी पुंगळी खिशातून काढली आणि रांगेच्या शेवटी उभी केली.

"अठरा," मी म्हटलं. "रविवारी चर्चबाहेर सांगते सगळ्यांना."

एमिलने चष्मा वर केला, रांगेवरून बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत.

"हो," तो म्हणाला. "अठरा आहेत."